सही जेवणानंतर

शांतव्वा कट्टीमनीला सिद्दनहट्टीत कुणी नावानं हाक मारत नाही. सव्वीस वर्षं अंगणवाडी चालवते, म्हणून लहानथोर सगळ्यांची ती 'अक्कोर', म्हणजे बाई. राग नाकाच्या शेंड्यावर. आता तो का नसावा, सांगा! सकाळी पोरं गोळा करायची, वजनं घ्यायची, अंडी उकडायची, पोटुशा बायकांच्या घरी जाऊन यायचं, सगळ्याचे फोटो मोबाइलवर चढवायचे. वरून कधी संडास मोजा, कधी मतदारयादी तपासा. प्रत्येक कागदावर शिक्का एकच, 'तातडीचे'.

"सगळंच तातडीचं, मग आधी काय करू, माझं कपाळ?" असं म्हणत ती सगळंच करायची. रक्तदाबाची गोळी मात्र राहून जायची.

त्या माघात तिचा जीव रेणुकाच्या मल्लूत अडकला होता. पोरगं दोन वर्षांचं, वजन जेमतेम सात किलो. रडायचं तेसुद्धा आवाज न करता. तीन आठवडे फोन करून करून अक्कोरनं तालुक्याच्या दवाखान्यात त्याच्यासाठी खाट मिळवली. सिस्टर म्हणाली, "गुरुवारी बाराच्या आत आणा. नाहीतर दुसरं पोर वाट बघतंय." रेणुका मिरचीच्या तोडणीला जाणारी, दवाखान्याची पायरी कधी न चढलेली. ती म्हणाली, "तुम्ही बरोबर असाल तरच येते, अक्कोर."

आणि बुधवारी संध्याकाळी मोबाइलवर हुकूम आला. गुरुवारी दहाला तालुक्याला प्रशिक्षण, हजेरी सक्तीची. विषय: वेळेचं नियोजन करा, ताण घालवा.

"घाला चुलीत तुमचं नियोजन!" अक्कोर भिंतीला म्हणाली. मग तिनं हिशेब मांडला. गाव तेच, दवाखाना सभागृहापासून रिक्षानं दहा मिनिटांवर. दहाला सही ठोकायची आणि सटकायचं. रेणुकाला आणि मल्लूला तिनं सभागृहाच्या पायरीवर बसवलं, "आलेच गं" म्हणाली आणि आत गेली.

आत हजेरीचा कागदच नव्हता. विमला मेडम, तालुक्यातल्या अंगणवाड्यांच्या वरिष्ठ, दारात उभ्या. "सही जेवणानंतर. मागच्या खेपेला सह्या करून निम्म्या बायका पळाल्या."

"मेडम, बाहेर पोर आहे, बाराच्या आत..."

"शांतव्वा, तुझं नेहमीचंच असतं. बस."

ती बसली. सही नाही म्हणून गेल्या वर्षी नोटीस आली होती, त्या भीतीनं बसली. बेंगळुरूहून आलेल्या साहेबांनी काचेची बरणी काढली. आधी मोठे दगड टाकले, मग खडी, मग वाळू. म्हणाले, "मोठे दगड आधी टाका ताई, मग सगळं मावतं. ताण हा आपल्या मनात असतो." मागच्या खोलीतून केसरीभाताचा वास येत होता. घड्याळात अकरा वाजले, सव्वाअकरा झाले. खिडकीतून तिला रेणुकाचा पदर दिसत होता, पोराच्या डोक्यावर धरलेला.

मग कागद वाटले. उद्याची दहा कामं लिहा, महत्त्वाचं पहिलं. अक्कोरनं दात-ओठ खात एकच ओळ लिहिली: मल्लूला आज बाराच्या आत खाटेवर पोचवणे.

विमला मेडमनी तो कागद उचलला आणि त्यांचा चेहरा फुलला. "साहेब, हे बघा! आमच्या शांतव्वानं पहिलं काय लिहिलंय? मूल! याला म्हणतात प्राधान्य. वाजवा टाळ्या!"

साठ बायकांनी टाळ्या वाजवल्या. पावणेबारा झाले होते.

अक्कोर ताडकन उठली. "टाळ्या कसल्या वाजवताय? ते पोर कागदावर नाही, बाहेर पायरीवर आहे! दोन तास उन्हात बसलंय!" साहेबांकडे वळून म्हणाली, "आणि साहेब, बरणी आमची हो, पण दिवसभर वरून दगड टाकणारे हात कुणाचे, ते कधी सांगणार?"

"शांतव्वा, सही मिळणार नाही हं!" मेडम ओरडल्या.

"लोणचं घाला तिचं!"

रिक्षा मिळेना. मल्लूला खांद्यावर टाकून ती धावली, मागून रेणुका. पोचल्या तेव्हा बारा वाजून वीस मिनिटं झाली होती. खाटेवर दुसरं पोर झोपलेलं.

"अक्कोर, बारापर्यंत दाराकडं बघत होते मी," सिस्टर म्हणाली. तिचं तरी काय चुकलं? अक्कोर तिथंच जमिनीवर बसली. "जागा देईपर्यंत मी इथून हलत नाही." चार वाजता सिस्टरनं दोन खाटांच्या मध्ये, फरशीवर, एक गादी टाकून दिली.

मल्लूला निजवून रेणुका हळूच म्हणाली, "माझ्यापायी तुमची सही राहिली ना, अक्कोर?"

अक्कोरला तिच्याकडं बघवेना.

आठवड्यानं नोटीस आली. सभागृह मध्येच का सोडलं, खुलासा करा. मल्लू अजून फरशीवरच होता, ताप उतरत नव्हता. त्याच्या उशाशी बसून अक्कोरनं खुलासा लिहिला:

'पावणेबाराला सोडलं, ही माझी चूक. दहालाच सोडायला हवं होतं.'

खाली मात्र तिनं ठळक सही केली.