शास्त्रात लिहिलंय तसं

आमची मंडळी लहान. रविवारी अमरावतीच्या आमच्या चर्चमध्ये पंख्याखालच्या जागा भरल्या की उपासना भरली म्हणायची. पण किस्से मात्र मोठ्या चर्चला पुरतील इतके. कारण सोपं आहे. आमच्या पाळकसाहेबांचा उपदेश नेहमी एकाच वाक्यावर संपतो, "शास्त्र फक्त ऐकू नका, तसं करा." आणि आमची वऱ्हाडी माणसं. करा म्हटलं की करतातच.

एका रविवारी उपदेश झाला की मेजवानीला गेलात तर मानाची जागा धरू नका, शेवटच्या जागी बसा. पुढच्याच आठवड्यात आमच्याकडे लग्न होतं. मी जरा उशिरा पोचले तर हॉलमध्ये अजब दृश्य. पुढच्या सगळ्या रांगा रिकाम्या आणि शेवटच्या रांगेसाठी ढकलाढकली.

आमचे योहान मास्तर, म्हणजे रिटायर्ड शिक्षक, कडेची खुर्ची दोन्ही हातांनी धरून उभे होते. दुसरे एक काका त्यांना म्हणत होते, "मास्तर, तुमी वयानं मोठे. तुमी पुढं बसा."

"मी काहून पुढं बसू? तूच बस. मी तुह्यापेक्षा नम्र हाये."

अकोल्याहून आलेलं वऱ्हाड दारातच थबकलं. पुढच्या खुर्च्या कोण्या मंत्र्यासाठी ठेवल्यात असं त्यांना वाटलं, म्हणून ते बाहेर मांडवातच उभे राहिले. शेवटी पाळकसाहेबांनी नवरा-नवरीला बोलावलं, माइक उचलला, मागच्या दारापाशी आले आणि तिथंच लग्न लावायला उभे राहिले. आता शेवटची रांग पहिली झाली.

मास्तर लगेच उठले आणि हॉलच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसले.

याच मास्तरांचा पुढचा किस्सा मी स्वतः पाहिलाय, म्हणजे ऐकलाय. प्रार्थना करताना आपल्या खोलीत जा आणि दार लावून घे, असं शास्त्रात आहे. मास्तरांच्या घरी दार नीट लागेल अशी एकच खोली, ती सामान ठेवायची. तांदळाची कोठी आणि जुना कूलर यांच्यामध्ये सतरंजी टाकून ते रोज प्रार्थनेला बसत.

एका सकाळी मी त्यांच्याकडे विरजण मागायला गेले. सुलोचनाबाई, म्हणजे मास्तरांच्या पत्नी, मेथी निवडत होत्या. आतून आवाज येत होता.

"दार उघड! किती वेळचा ठोकून राहिलो मी!"

सुलोचनाबाई हळूच मला म्हणाल्या, "आज लई मनापासून चालली हाये प्रार्थना."

मागा म्हणजे मिळेल, ठोका म्हणजे उघडेल, हे आम्हाला लहानपणापासून पाठ. मीही मान खाली घातली. आतून परत धाडधाड आवाज आला. "ऐकू येत नाही का तुले? जीव चालला माहा इथं!"

"आमेन," सुलोचनाबाई डोळे मिटून म्हणाल्या. मीही म्हटलं.

मग आतून आवाज आला, "ओ सुलोचने!"

बाईंनी डोळे उघडले. माझ्याकडे पाहिलं. म्हणाल्या, "देवाचं नाव त सुलोचना नाही."

कडी अडकली होती. सुताराला बोलवावं लागलं. घामानं निथळत मास्तर बाहेर आले, तर बाईंनी विचारलं, "झाली का प्रार्थना?"

त्या दिवशी त्या दोघांचं चांगलंच वाजलं. पण तिथंही शास्त्र होतंच. सूर्य मावळायच्या आत राग सोडायचा. संध्याकाळी विरजणाची वाटी परत द्यायला गेले तर बाई गच्चीवर.

"काय करून राहिल्या बाई?"

"सूर्य पाहून राहिली. अजून लाइटीच्या तारेच्या वर हाये. तो खाली जाईस्तोवर मी यांच्याशी बोलनार नाही. आपला हक्क हाये तेवढा."

मास्तर अंगणात खुर्ची टाकून बसले होते. चहा नाही, काही नाही. मे महिना होता, सूर्य काही केल्या खाली जाईना. मला पाहून म्हणाले, "पोरी, भांडायचं त हिवाळ्यात भांडावं."

आता आमच्या घरचं सांगते, नाहीतर म्हणाल दुसऱ्यांचंच सांगते. माझे मिस्टर एका ऑफिसात हेडक्लार्क आहेत. कोणी तुला एक कोस चल म्हटलं तर त्याच्याबरोबर दोन कोस जा, हे वचन त्यांना फार आवडतं. एका संध्याकाळी ऑफिसातून येताना एका माणसानं हात दाखवला. हातात मोठी पिशवी.

"भाऊ, राजापेठपर्यंत सोडता का?"

"बसा."

यांनी मनाशी ठरवलं, पिशवी आहे म्हणजे याला रेल्वे पकडायची असणार, संकोचानं राजापेठ म्हणतोय. राजापेठ आलं, यांनी गाडी थांबवलीच नाही. मागचा माणूस खांद्यावर थापा मारायला लागला. यांना वाटलं, आभार मानतोय. डोक्यात हेल्मेट, रस्त्यावर ट्रक, ऐकू काही येत नव्हतं. सरळ शहराबाहेरच्या बडनेरा स्टेशनसमोर गाडी उभी केली आणि म्हणाले, "जा, आरामात गाडी सापडते."

माणूस उतरला. म्हणाला, "कोनती गाडी? माहं घर राजापेठेत हाये. पिशवीत दळन हाये. बायको तवा ठेवून बसली असन."

हे त्याला परत राजापेठेत घेऊन आले. दारात उतरताना तो म्हणाला, "भाऊ, तुमी मानूस लई चांगले. फक्त विचारत जा."

आणि एक माझ्या मार्था मावशीचा. मावशी अकोल्याला राहते. एकटीच. तिच्या चर्चमध्ये जाहीर झालं की सॅम्युएलभाऊ मोटरसायकलवरून पडलेत, दवाखान्यात आहेत. तिची त्यांच्याशी ओळख नव्हती. पण आजाऱ्याला भेटायला जा म्हटलंय, ओळख असेल तर जा असं काही म्हटलेलं नाही. मावशी निघाली.

वॉर्डात सिस्टरला विचारलं, "गाडीवरून पडलेले कुठं हायेत?" सिस्टरनं बोट दाखवलं. खिडकीशी एक माणूस, जबड्याला पट्टी, हात प्लास्टरमध्ये, बोलायला डॉक्टरांची बंदी.

"सॅम्युएलभाऊ?" मावशीनं विचारलं. त्यानं मान हलवली.

मावशी रोज जायला लागली. पहिल्या दिवशी कोंबडीचं सूप नेलं, त्यानं तोंड फिरवलं. दुखत असेल म्हणून दुसऱ्या दिवशी मुगाचं पाणी नेलं, ते त्यानं नळीनं सगळं ओढलं. मग ती प्रार्थना करी, शास्त्रातून थोडं वाचे आणि घरी येई. खरे सॅम्युएलभाऊ कधीचेच घरी गेले होते आणि चर्चचं एक माणूस भेटायला आलं नाही म्हणून पाळकांवर रुसून बसले होते.

पट्टी निघाली त्या दिवशी मावशी गेली, तर तो उठून बसलेला.

"बाई, मी सॅम्युएल नाही," तो म्हणाला. "मी रिद्धपूरकडचा. आमी महानुभाव पंथाचे."

मावशी स्टुलावर बसली. "मंग पहिल्या दिवशी मान काहून हलवली?"

"नाही म्हनलं असतं त तुमी दुसऱ्या दिवशी आल्या असत्या का?"

मावशीला एकदम सूप आठवलं. "माफ करा बाप्पा. मी तुमच्यासाठी कोंबडी घेऊन आली होती."

"ते जाऊ द्या," तो म्हणाला. जबडा धरून, एकेक शब्द सांभाळत बोलत होता. "काल तुमी वाचून राहिल्या होत्या, मधातच सिस्टरनं तुमाले उठवलं. तो बापाचं घर सोडून गेलेला पोरगा उपाशी डुकरायपाशी बसला होता. मले रातभर झोप नाही. बापानं घरात घेतलं का त्याले?"