जांभळ्या कडेचं पुस्तक

एका सिस्टरची बढतीची शेवटची संधी मी घालवली. जाणूनबुजून. हे लिहायला मला वीस वर्षं लागली, म्हणून तेच आधी लिहून टाकतो.

मी तेव्हा शहापूरला, आरोग्य प्रशिक्षणाच्या एका केंद्रात ग्रंथालय लिपिक होतो. ग्रंथालय म्हणजे सहा लोखंडी कपाटं, एक लांब टेबल आणि देवघेवीचं रजिस्टर. मुरबाड, खर्डी, कसारा इथंही आमचं एकेक कपाट होतं. आडगावांमधल्या उपकेंद्रांच्या सिस्टर पुस्तकं न्यायच्या आणि परत पाठवायच्या लशीच्या जीपमधून. लसीकरणाच्या दिवशी जीप सकाळी लशीचे डबे घेऊन जायची, संध्याकाळी रिकामे डबे आणायची, आणि डब्यांवर पुस्तकं. पुस्तक आलं की मी रजिस्टरात त्या ओळीवर लाल रेघ मारायचो. रेघ मारली की सिस्टर सुटली. सही नाही, पावती नाही. कुणाला गरजच वाटली नव्हती.

दोन हजार सालानंतर संगणक आला. सगळ्या कपाटांतली पुस्तकं आणि सगळे वाचक एकाच यादीत घालायचे, म्हणजे मुरबाडला बसून शहापूरचं पुस्तक दिसेल, असा वरून हुकूम. प्रत्येक पुस्तकाला नवा क्रमांक आणि बारकोडची पट्टी. जुना क्रमांक रजिस्टरशी ताडून मगच नवा द्यायचा, असं लेखी होतं. मी ताडलं नाही. महिन्याचं काम आठवड्यात उरकलं. टेबलावरच्या ढिगातून हाताला येईल त्या पुस्तकाला पट्टी चिकटवली. मग रजिस्टर उघडलं आणि ज्या ओळीवर रेघ नव्हती ते नाव ‘पुस्तक बाकी’ म्हणून भरलं. अशी नावं संगणकात लाल अक्षरांत दिसायची. त्या आठवड्यात जीपमधून आलेली पुस्तकंही त्याच ढिगात गेली होती. त्यांच्या रेघा मारायच्या राहिल्या.

सगळ्यांच्या आधी काम पुरं केलं म्हणून ठाण्याच्या बैठकीत माझं कौतुक झालं. साहेब म्हणाले, “याच्या यादीत एक चूक काढून दाखवा.” कुणी काढली नाही.

जिची संधी मी घालवली ती सिस्टर वैशाखऱ्याच्या बाजूला डोंगरातल्या पाड्यांवर काम करायची. बौद्ध कुटुंबातली, घरात पगाराची नोकरी पहिली तिचीच. प्रसूतीवरचं एक जाड पुस्तक ती वरचेवर न्यायची. एकदा पिशवीत जखमेवर लावायच्या जांभळ्या औषधाची बाटली फुटली आणि पुस्तकाची कड जांभळी झाली. तिनं स्वतःहून आणून दाखवलं. “डाग माझा हाय, भाऊ. लिवून ठेवा, उगाच दुसरीवर नको.” मी लिहून ठेवलं नव्हतं.

तिचं नाव आरोग्य सहायिकेच्या प्रशिक्षणाला लागलं. ते झालं की बढती, पाडे पायी तुडवणं बंद. वयात बसायचं तिचं ते शेवटचं वर्ष. कागदांना ग्रंथालयाची काही बाकी नसल्याचा दाखला जोडायचा होता. मुरबाडच्या लिपिकानं संगणकात पाहिलं तर नाव लाल. आधीचे दिवस असते तर त्यानं मला फोन केला असता आणि मी ‘देऊन टाक रे’ म्हटलं असतं. आता तो तिला म्हणाला, शहापूरला जा.

ती दारात दिसताच आमचा शिपाई ओरडला, “आली, पुस्तक खाणारी आली! काय सिस्टर, पचलं का?” टेबलाशी बसलेल्या शिकाऊ मुली हसल्या. मीही हसलो.

“भाऊ, जीपमदी दिलं होतं मी. डब्यावर माज्या हातानं ठेवलं. डायवरला विचारा.”

“ड्रायव्हर बदलून गेला.”

“मंग तुमी आठवा ना.”

“माझ्या आठवणीवर आता काही चालत नाही, सिस्टर. यात आहे तेच खरं.”

“यात तुमीच भरलं ना?”

मुली पुन्हा हसल्या, या वेळी मला. ते मला लागलं.

“घरी शोधा,” मी म्हणालो. “पोरांनी रद्दीत घातलं असेल.”

ती गेल्यावर मी कपाट उघडलं. तिसऱ्या फळीवर जांभळी कड दिसली. नवा क्रमांक, माझ्याच हातानं सरळ चिकटवलेली पट्टी. मी कपाट लावून घेतलं. मनाशी म्हटलं, हिचं एक नाव काढलं तर उरलेली सगळी लाल नावं दारात उभी राहतील, यादी पहिल्यापासून तपासावी लागेल, साहेबांना काय तोंड दाखवू. तेही होतंच. पण पूर्वी या बायका टेबलावर पुस्तक टाकून एसटी गाठायला पळायच्या. आता ताटकळत उभ्या राहायच्या, अजीजीनं बोलायच्या. मला ते आवडायला लागलं होतं. आणि हिनं मुलींसमोर मला उलट विचारलं होतं.

चार दिवसांनी ती पुन्हा आली. घर, उपकेंद्र, माहेर, सगळं पालथं घालून झालं होतं. मुदतीला दोन दिवस उरले होते. मी कागद चाळत राहिलो. ती उघड्या कपाटापाशी गेली, आणि तिचा हात तिसऱ्या फळीवर थांबला. पुस्तक काढून तिनं कडेवरून अंगठा फिरवला. पट्टीवरचा नवा क्रमांक वाचला. मग माझ्याकडे पाहिलं.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती पुस्तक घेऊन टेबलापाशी आली आणि हळू आवाजात म्हणाली, “भाऊ, हे द्या मला वाचायला. माज्या नावावर लिवा.”

ती मला वाट करून देत होती. नोंद उघडायची, ‘अरेच्चा, हे तर तेच’ म्हणायचं. सगळा दोष संगणकाच्या माथी गेला असता. पण शिपाई बघत होता.

“नाव लाल आहे, सिस्टर. बाकी असताना पुस्तक मिळत नाही.”

“हे पण नाय?”

“कुठलंच नाही.”

“एक खाल्लं, आता दुसरं पायजे!” शिपाई म्हणाला. तिनं पुस्तक होतं तिथं नीट ठेवलं.

मुदत गेली. प्रशिक्षणाच्या यादीत तिच्या खाली नाव असलेली सिस्टर गेली. ही निवृत्त होईपर्यंत पाड्यांवर पायीच फिरली.

पंधरा दिवसांनी ती ठाण्याहून त्याच पुस्तकाची नवी प्रत घेऊन आली. हरवलेल्याच्या बदली नवं द्यायचं, हा नियम होता; मुदतीआधी मी तो तिला सांगितला नव्हता. ‘माझ्या निष्काळजीपणामुळे पुस्तक हरवले, याबद्दल मी दिलगीर आहे’ असा अर्जही लागायचा. मजकूर मी सांगितला. तिनं शब्दन् शब्द लिहून घेतला आणि खाली सही केली.

“आता लाल जाईल ना?”

“जाईल.”

दारापर्यंत जाऊन ती वळली. “जुन्याच्या शेजारी ठेवा, भाऊ. तिसऱ्या फळीवर.”

“जुनं कुठलं?” शिपायानं मला विचारलं.

“काहीतरी बडबडतेय,” मी म्हणालो, आणि नवी प्रत पहिल्या फळीवर ठेवली.