गंज चढतो म्हणजे

"बाबांना जाऊन दोन महिने झाले, तरी आई त्या डब्या काही फेकू देत नाही. आता कोण खाणार आहे त्या गोळ्या?"

जेवण आटोपून खिडकीशी आडव्या झालेल्या सुलोचनाबाईंच्या अगदी कानाशी ज्योत्स्ना पुटपुटते आहे. लेकीला वाटतं, आई झोपली. आईलाही अर्धं तसंच वाटतं. गोळ्या नवऱ्याच्या, केशरी, अँटिऑक्सिडंटच्या. देविदासराव फुप्फुसाच्या कॅन्सरने गेले. त्याआधी दीड वर्ष बाईंनी त्यांच्या हातावर रोज दोन गोळ्या ठेवल्या. त्या गोळ्यांनी काही बिघडलं का, एवढंच बाईंना कळायला हवं आहे. पण गोळ्यांचं नाव निघालं की घरात सगळ्यांना एकदम काहीतरी काम आठवतं.

बाईंचा डोळा लागतो. कुणीतरी खोकतं. देविदासराव आपल्या ग्रिलच्या वर्कशॉपात उकिडवे बसले आहेत, हातात रेड ऑक्साइडचा ब्रश.

"पाहून काय राहिली व? गंज चढव ना."

बाई स्टोव्ह पेटवतात, डाळीचा गंज वर ठेवतात. स्टोव्ह मात्र महिला मंडळाच्या हॉलमध्ये आहे आणि पुण्याचे पाहुणे माइकवर सांगताहेत, "श्वासातला ऑक्सिजनच आपल्याला आतून झिजवतो. बिडी-सिगारेटने तर पेशींवर भराभर गंज चढतो!" बायका माना डोलावतात. वर्ध्यात गंज म्हणजे पातेलं. लोखंडाला लागतो तो जंग. पेशींवर पातेलं कसं चढेल, हे कळायला बाईंना तीन दिवस लागले होते. कळल्यावर त्यांनी तडक हा गंज रोखणाऱ्या गोळ्या आणल्या.

हॉलमधला पडदा आता एक्स-रे झाला आहे. बरगड्यांमध्ये गंज रटरटतो, झाकण थडथडतं.

"उतू जाईन तो," देविदासराव म्हणतात. "मले सांग, जंगलेल्या गजाले मी रंग लावतो का सरळ?"

"आधी घासता तुम्ही."

"अन् नाही घासला तं?"

"जंग रंगाखालून खात जातो."

"शिकली म्हणजे," असं म्हणून ते बिडी ओठांत धरतात. बाई काडी ओढून पुढे करतात. सत्तावीस वर्षांची सवय. मेल्या माणसापुढेही हात थांबत नाही.

"अहो, गोळ्यांनी वाईट झालं का तुमचं?"

"मले काय विचारतं? मी तं मेलो."

"तिकडे कुणी सांगितलं नाही?"

"तिकडं गोळ्यायचं नाव कोणी काढत नाही. सारेच तुह्या माहेरच्यासारखे, गप." ते उठतात. वर्कशॉपाच्या दारात एसटी उभी आहे. बाई त्यांचं मनगट घट्ट पकडतात. मनगट थंड आहे, फार बारीक आहे, आणि सुटत नाही.

डोळे उघडतात तर मुठीत खिडकीचा गज. गावभर ग्रिलं रंगवणाऱ्याच्या घरचाच गज उघडा. तळहात तांबूस भुकटीने भरला आहे.

ज्योत्स्ना ओला टॉवेल आणते, हात पुसू लागते. बाई हात मागे घेत नाहीत.

"माझ्या गोळ्यांनी गेले का गं ते?"

टॉवेल थांबतो. या खेपेस ज्योत्स्नाला काम आठवत नाही.

"बाबा गेल्यावर डॉक्टर मला म्हणाले होते, बिडी ओढणाऱ्याने त्या घ्यायच्या नसतात, अपाय होऊ शकतो. बाबांना झाला का, ते त्यांनाही सांगता आलं नाही." ती पुन्हा पुसू लागते, बोटांच्या पेरांमधून, हळू. "पण आई, बिडी सोडा, असं आपण बाबांना एकदाही म्हणालो नाही. तू नाही. मीही नाही."