लग्नपत्रिकेमागची शाळा

माझ्या नातीची शाळा मी चुकीची निवडली, आणि तीही पूर्ण अभ्यास करून. सई आता दहावी झाली आहे, तेव्हा खरं काय ते सांगून टाकतो.

गावातली शाळा सातवीला संपली आणि घरात दोन तट पडले. रोह्याचं हायस्कूल आमच्या निडीहून एका स्टेशनावर. रोज जाऊन-येऊन जमणारं. पेणचं हायस्कूल चांगलं म्हणून ऐकलेलं, पण मग सईला रामवाडीत तिच्या आत्याकडे, म्हणजे माझ्या शैलाकडे, राहावं लागणार.

"त्यात काय एवढं," मी म्हणालो. "दोन्ही शाळा बघून येतो आणि तुलना करून देतो." (मी कंपनीत तीस वर्षं स्टोअर सांभाळलं आहे. दोन कोटेशनं आल्याशिवाय खराटासुद्धा घेतला नाही.)

"खराटा हाय का तो?" आमची ही म्हणाली. "पोर हाय ती."

योगायोग असा, की त्याच आठवड्यात दोन लग्नं होती. सोमवारी रोह्याला, बुधवारी पेणला. सकाळी शाळा पाहायची, दुपारी पंगतीला बसायचं. लिहायला वेगळी वही कशाला? लग्नपत्रिकेची मागची बाजू कोरी असते आणि पुठ्ठा जाड असतो. दोन्ही पत्रिका खिशात टाकल्या.

आता माझं डोकं बघा. रोह्याला गेलो तेव्हा हॉलचा पत्ता विचारायला रोह्याची पत्रिका हातात लागणार होती. म्हणून रोह्याच्या शाळेची टिपणं मी पेणच्या पत्रिकेमागे लिहिली. बुधवारी पेणला त्याच हुशारीने पेणची टिपणं रोह्याच्या पत्रिकेमागे. शाळेचं नाव वर घातलं नाही. माझीच टिपणं, मला कळणार नाहीत?

रोह्याबद्दल लिहिलं होतं: 'पाणी स्वच्छ. मुलींच्या संडासाला आतून कडी आहे. बाई प्रेमळ. प्रयोगशाळेला कुलूप, चावी कोणाकडे ते कोणालाच माहीत नाही.' पेणबद्दल: 'प्रयोगशाळा उघडी, मुलं स्वतः हात लावून बघतात. वाचनालय मोठं. समोर गणपतीचे कारखाने, रंगाचा वास येतो. तरी उत्तम. इथेच घालावं.'

पेणची पंगत जड झाली. घरी येऊन जो आडवा झालो तो संध्याकाळी उठलो. तोवर मुलाने, महेशने, माझ्या खिशातल्या पत्रिका काढून वाचल्या होत्या.

"आबा, काम एकदम पद्धतशीर हाय तुमचं," तो म्हणाला. "रोहा पक्कं."

"रोहा?"

"तुम्हीच लिवलंय, इथेच घालावं. ही बघा रोह्याची पत्रिका."

मी पत्रिका उलटी केली. सुलटी केली. दुसरी घेतली, तीही उलटी-सुलटी केली. कुलूप रोह्याला होतं की पेणला? नवरदेव घोड्यावर होता तो कुठला? बराच वेळ मला दोन शाळा, दोन हॉल आणि दोन मठ्ठे वेगळे करता येईनात. मग हळूहळू उजेड पडला. सांगायला म्हणून मी तोंड उघडलं.

तेवढ्यात सई कप घेऊन आली. "आबा, म्हणजे मी घरीच राहणार ना?"

उघडलेलं तोंड मी चहासाठी वापरलं.

पहिल्याच महिन्यात सई म्हणाली, "आबा, तुम्ही लिवलेली प्रयोगशाळा कुठं हाय? आमच्याकडं कुलूपच दिसतं."

"उघडतील," मी म्हणालो.

दिवाळी आली, कुलूप तसंच. तेव्हा महेश पालकसभेला गेला, आणि जाताना पुरावा म्हणून लग्नपत्रिका घेऊन गेला! मी पोट दुखतंय म्हणून घरी पडून राहिलो. (ते खरोखरच दुखत होतं.) त्याने भर सभेत पत्रिकेची मागची बाजू वाचून दाखवली. मुख्याध्यापिका शांतपणे ऐकत होत्या म्हणे. मग म्हणाल्या, "अशी शाळा मलाही आवडेल हो. कुठे आहे?"

"हीच. माझ्या वडिलांनी डोळ्यांनी बघितलीय. ते खोटं लिवणार नायत."

बाई पेचात पडल्या. इतर पालकही बघायला लागले. पंधरा दिवसांत चावी सापडली. शिपायाच्याच जुडग्यात होती.

प्रयोगशाळा उघडली खरी, पण माझ्या मनातलं कुलूप काही निघेना. सईला विज्ञानात एक मार्क कमी पडला तरी मला शैलाची रामवाडीतली रिकामी खोली दिसायची. पोरीचं नुकसान मी केलं होतं. आणि घोटाळ्याने नव्हे, गप्प राहून. संध्याकाळच्या गाडीने ती परत यावी, माझ्यासमोर बसून जेवावी, एवढ्यासाठी.

दहावीचा निकाल लागला. मार्क चांगले पडले. पेढा हातात घेऊन मी सगळ्यांसमोर पत्रिकांचा घोळ कबूल केला. महेश पेढा चघळायचा थांबला. सई मात्र हसत होती.

"आबा, मला तेव्हाच कळलं होतं. रोह्याच्या शाळेसमोर गणपतीचे कारखाने कधी आले?"

"मग बोलली का नाहीस गो?"

"तुम्ही का नाय बोललात?"

मी पेढा खाल्ला.

"दोघंही एका माळेचे मणी," ही म्हणाली.

आता अकरावीचा प्रश्न आहे. कॉलेज रोह्याला की पेणला? इतकं होऊनही काम माझ्याकडेच आलं आहे. या वेळी लग्नपत्रिका बंद. महेशने कोरी वही दिली. सईने पुढून पहिल्या पानावर 'रोहा' लिहिलं, वही उलटी करून मागून 'पेण' लिहिलं.

काल पेणचं कॉलेज पाहून आलो. फारच सुरेख आहे, चार पानं भरली. फक्त लिहायला बसलो तेव्हा वही कोणत्या बाजूने उघडली होती, ते मी अजून पाहिलेलं नाही. आज संध्याकाळी महेश वाचणार आहे. मी जरा आडवा होतो.