एका गाडीची दोन नावं

त्यांना सगळे नंबरमामा म्हणत. मोटारीच्या सुट्या भागांच्या दुकानात त्यांनी एकतीस वर्षं काउंटर सांभाळला होता. गिऱ्हाईक गाडीचं नाव सांगायचं आणि मामा डोळे किलकिले करून भागाचा नंबर म्हणायचे, मग फळीवरून डबा काढायचे. डबा चुकल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

गाड्यांच्या नावांवर मात्र त्यांचा काडीचा भरवसा नव्हता. "अहो, एकाच कारखान्यातली एकच गाडी," ते सांगत, "इकडे एक नाव, समुद्रापलीकडे दुसरं, त्याच्याही पुढे तिसरं. आपली ही 'भरारी' घ्या. तिकडे हिला 'लिओरा' म्हणतात. का, तर तिकडच्या भाषेत भरारी म्हटलं की म्हातारी शेळी असं काहीतरी ऐकू येतं. शेळीत बसून कामाला कोण जाईल?" हा किस्सा ते नव्या गिऱ्हाइकाला हमखास ऐकवत. जुनी गिऱ्हाइकं तो सुरू झाला की पाठ फिरवून हसत.

लिओराची ही माहिती त्यांना लेकीकडून मिळाली होती. ती लग्न होऊन परदेशात गेली आणि तिच्या नवऱ्याने तिथे तीच गाडी घेतली. फोटो पाहून मामांनी फोनवरच सांगितलं होतं, "ही तर आपली भरारी."

एका रविवारी सकाळी लेकीचा फोन आला. बोलता बोलता म्हणाली, "बाबा, गाडी चार दिवस कंपनीत आहे. पत्र आलं होतं. स्टिअरिंगचा कुठलासा सांधा कच्चा निघाला म्हणे, सगळ्यांचे फुकट बदलून देतायत."

"कुठला सांधा?"

"मला काय कळतंय त्यातलं?"

"पत्र आण. नंबर लिहिला असेल. सावकाश वाच."

तिने वाचला. दहा आकडे आणि शेवटी दोन अक्षरं. मामांनी काही लिहून घेतलं नाही. तो नंबर त्यांना पाठ होता. स्टिअरिंग वळवलं की ज्या सांध्यामुळे पुढचं चाक वळतं, तो टाय रॉडचा सांधा. भरारीचा तोच नंबर होता, अक्षरंसुद्धा तीच.

"पुढे काय लिहिलंय?"

"चालत्या गाडीत तुटू शकतो, असं लिहिलंय. बाबा? ऐकताय ना?"

मामांच्या डोळ्यांसमोर चष्मेवाला उभा राहिला होता.

चष्मेवाला टॅक्सी चालवायचा. जाड भिंगांचा चष्मा, हसरा माणूस, गाडीचं काम असलं की स्वतः दुकानात येणारा. गेल्या वर्षी भर दुपारी, रिकाम्या रस्त्यावर, त्याची भरारी वळण सोडून सरळ गेली आणि पुलाच्या कठड्यावर आदळली. तो जागीच गेला. चालकाला डुलकी लागली, असं पोलिसांनी लिहिलं आणि लोकांनीही तेच धरलं. आदल्या रात्री त्याची मुलगी तापाने फणफणली होती आणि तो तिच्या उशाशी बसून होता, हे सगळ्या गल्लीला माहीत होतं.

अपघाताच्या तीन आठवडे आधी त्याने टाय रॉडचा सांधा बदलून घेतला होता. डबा मामांनीच दिला होता. नवाकोरा, सीलबंद.

सोमवारी मामांनी फळीवरचे ते सगळे डबे खाली काढले आणि मालकाला सांगितलं. मालक वाईट माणूस नव्हता, पण घाबरला. "मामा, कंपनीने आपल्याला काही कळवलंय का? उद्या गिऱ्हाईक बिथरलं तर?"

"मग कंपनीला विचारतो. तोवर हे डबे माझ्या हातून जायचे नाहीत."

कंपनीचं उत्तर दोन ओळींचं आलं. लिओरा नावाचं कोणतंही मॉडेल आम्ही आपल्या देशात विकत नाही, तरी आपण निश्चिंत असावे. मामांनी ते पत्र तीनदा वाचलं. एकतीस वर्षं ज्या गोष्टीवर ते गिऱ्हाइकांना हसवत आले होते, तिच्याच आड कंपनी लपली होती.

ते भंगारवाल्याकडे गेले. चष्मेवाल्याची गाडी तिथेच कुंपणापाशी गंजत पडली होती. मामांनी सतरंजीचा तुकडा अंथरला, गुडघ्यांना शिव्या घालत आडवे झाले आणि तासाभराने सांधा हातात घेऊन उठले. सांध्याचा गोळा दांड्याला जिथे जोडलेला असतो, त्या मानेपाशी तो तुटला होता. तुटलेल्या जागेचा अर्धा भाग जुना, काळा पडलेला होता, उरलेला अर्धा एकदम तुटलेला. तडा आधीपासून होता. आदळून झालेली ही मोडतोड नव्हती.

आता चष्मेवाल्याच्या बायकोला जाऊन सांगायला हवं होतं. मामा दोन दिवस टाळत राहिले. तिसऱ्या दिवशी दुकानातून अर्धी रजा घेऊन गेले.

दोन खोल्यांचं घर. बाहेरच्या खोलीत चष्मेवाल्याचे वडील खिडकीकडे तोंड करून बसले होते. सून शिवणयंत्रावर होती. मामांना पाहून ती उठली. सासरे वळलेसुद्धा नाहीत. वर्षभर ते सुनेशी एक शब्द बोलले नव्हते. शेवटचं बोलले ते असं होतं, "त्या रात्री तू त्याला निजू दिलं असतंस तर तो आज असता."

मामांनी फडक्यातला तुकडा टेबलावर ठेवला आणि जसं होतं तसं सांगितलं. लेकीचा फोन, नंबर, कंपनीचं उत्तर, भंगारातली गाडी. शेवटी म्हणाले, "ताई, त्याला डुलकी लागली नव्हती. त्याने स्टिअरिंग वळवलं असणार. चाकच वळलं नाही." मग थांबून, "आणि हा सांधा मीच दिला होता. माझ्या हाताने."

तिने तो तुकडा उचलून तुटलेली बाजू उजेडाकडे धरली.

"तुम्हाला माहीत होतं?"

"नाही."

"म्हणजे ते जागे होते."

"जागा होता."

ती यंत्रासमोरच्या स्टुलावर बसली. "पाणी आणू का?" मामांनी विचारलं. तेवढ्यात खिडकीपाशी खुर्ची करकरली. म्हातारा भिंतीला धरून उठला होता.

"तुम्ही बसा," तो मामांना म्हणाला. मग सुनेकडे न बघता, "तूही बस, बाळ. मी आणतो." आत गेल्यावर भांडं त्याच्या हातून पडल्याचा आवाज आला. ती उठायला लागली आणि पुन्हा बसली. त्याला ते करू दिलं.

नंतरचा अर्ज कंपनीला आणि पोलिसांना तिच्या नावाने गेला, सोबत तो तुकडा, त्याचे फोटो आणि लेकीने पाठवलेलं परदेशातलं पत्र. या वेळी दोन ओळींचं उत्तर आलं नाही, कंपनीची माणसं आली. साडेचार महिन्यांनी कंपनीने भरारीच्या मालकांना बोलावणं पाठवलं. त्यात 'खबरदारीची मोफत तपासणी' असं लिहिलं होतं, चूक म्हणून कुठे लिहिलं नव्हतं. पण पोलिसांच्या कागदावरचं डुलकीचं वाक्य खोडलं गेलं आणि त्या कागदाची नक्कल सासऱ्यांनी स्वतः जाऊन आणली.

मामा अजून काउंटरवर आहेत. तिने त्यांना कधी दोष दिला नाही. तुमचा दोष नाही, असंही कधी म्हणाली नाही, आणि मामांनी ते तिच्याकडे मागितलं नाही. शेळीचा किस्सा मात्र त्यांनी पुन्हा कुणाला सांगितला नाही. नवं गिऱ्हाईक आलं की ते एवढंच म्हणतात, "नाव राहू द्या. जुना भाग काढून आणा, नंबर बघू."