जुन्या धोतराचं अंगडं

आमच्या सक्करदऱ्याच्या गल्लीत पोर जन्मलं की पहिलं अंगडं यमुताईंच्या हातचं. तान्ह्याच्या अंगाला कोरं कापड लावायचं नाही, हा त्यांचा कायदा. कापड जुनं, सुती, धुऊन धुऊन मऊ पडलेलं हवं. आणि ते गल्लीतल्या सर्वांत वयस्क माणसाचं हवं, म्हणजे त्याचं आयुष्य पोराला लागतं. वर्षानुवर्षं जिजाबाईंची लुगडी पुरली. चौऱ्याहत्तरच्या हिवाळ्यात जिजाबाई गेल्या, आणि मे महिन्यात यमुताईंची सुभद्रा पहिल्या बाळंतपणाला आली.

आता वयस्क म्हणजे मारोतराव, नाहीतर चंपतराव. यमुताई आधी मारोतरावांकडे गेल्या.

"मामाजी, एक जुनं धोतर द्या ना. सुभद्राच्या लेकराले अंगडं शिवाचं हाय."

"मले काहून मागतं वं? मी का म्हातारा झालो? चंपतले माग. प्लेगच्या साली तो पळत होता, मी पाळण्यात होतो."

चंपतराव म्हणाले, "पाळण्यात मी होतो. तो गाई चारत होता. माह्या तोंडात अजून अकरा दात हायेत, मोज."

आठ दिवस हेच. शाळेचा दाखला पाहा, असं मी सुचवलं खरं, पण आमच्या गुरुजींनी तर अख्ख्या वर्गाला एकाच तारखेला जन्माला घातलं होतं. असो.

तेवढ्यात जावई आनंदराव सीताबर्डीवरून टेरिलीनचं झबलं घेऊन आले. चकचकीत, कडक. यमुताईंनी ते गालाला लावून पाहिलं.

"जावईबापू, ह्या उन्हात लेकरू उकडून जाईल."

त्याच दुपारी सुभद्राला कळा सुरू झाल्या. सुईणीला आत पाठवून यमुताई भर गल्लीत उभ्या राहिल्या.

"वय राहू द्या. ज्याचं धोतर जास्त जुनं, त्याचंच घेतो."

झालं. दोघं म्हातारे घरात पळाले. चंपतराव आधी आले.

"हे अठ्ठेचाळीसचं हाय."

"म्हणजे कालचंच," मारोतराव म्हणाले. "हे पाहा. वावरातला कापूस, नुसत्या शेणखतावरचा. सूत आमच्या रुख्मिणीनं काढलं, लग्नाच्या दुसऱ्या वर्षी. ती गेली, पण धोतर फाटलं नाही."

यमुताईंनी दोन्ही धोतरं गालाला लावली आणि मारोतरावांच्या धोतराचं निम्मं कापून घेतलं.

रात्री मुलगी झाली. दुसऱ्या दिवशी गल्लीतलं डांबर वितळत होतं, आणि पोरगी त्या अंगड्यात गाढ झोपलेली. मारोतराव बघायला आले. बोटानं बाही चाचपत बराच वेळ बसले. मग काखेतलं उरलेलं निम्मं धोतर यमुताईंच्या पुढ्यात ठेवलं.

"घे, दुपटं कर. हिले रुख्मिणीचं सूत मानवलं वं."

"आणि आयुष्य कोणाचं लागलं म्हणू, मामाजी?"

मारोतरावांनी दाराकडे पाहिलं. चंपतराव जवळपास नव्हते.

"माह्यंच म्हण," ते हळूच म्हणाले.