दिसलं काय, वाटलं काय

“दिसलं काय आनि वाटलं काय, ते वेगळं सांगा.” दहिवलीच्या आपल्या गल्लीत कुणी धापा टाकत बातमी आणली, की समोरचे आजोबा चष्मा कपाळावर सरकवून एवढंच म्हणायचे. पोरांनो, तुम्हां दोघांना ते आठवत असतील; सुट्टीत तुम्हांला कच्च्या कैऱ्या कापून द्यायचे, तेच.

एकदा दूधवाला म्हणाला, नदीकाठी बिबट्या आलाय.

“दिसला?”

“शेपटी दिसली.”

“मग शेपटी दिसली, बिबट्या वाटला.”

संध्याकाळी ती शेपटी आपल्याच गल्लीतल्या कुत्र्याची निघाली.

त्यांच्या घरातही तेच. भाजीत मीठ कमी वाटतंय म्हणाले, की आजी विचारायच्या, “वाटतंय का हाय? जेवा गप.”

एकाहत्तरच्या युद्धात ते हवाई दलात होते. विमान उडवायला नव्हे. विमानांनी वरून काढून आणलेले फोटो भिंगाखाली धरून बघायला. पूल कुठे, मालगाडी कुठे थांबते, बंदरात कसलं जहाज लागलंय, शत्रूचं तेल कोणत्या वाटेने जातं. त्यावरून बॉम्ब कुठे टाकायचे ते ठरायचं. “वाटलेलं दिसलं म्हनून लिवलं, तर खाली भलतीच मानसं मरतात, बाई,” असं एकदाच म्हणाले.

म्हातारपणी काचबिंदूने त्यांची नजर अधू झाली. मग सकाळी मी त्यांना पेपर वाचून दाखवू लागले. मी त्यांना भाऊ म्हणायचे. “जयभीम, बाई, बसा,” म्हणून आधी स्वतः खुर्ची पुसायचे.

त्यांचा नातू, त्यांनीच वाढवलेला, मोहोपाड्याच्या कारखान्यात फिटर होता. नंतर मालवाहू जहाजावर लागला. गेल्या वर्षी त्याचं जहाज होतं तिकडच्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि त्याचा फोन लागेना. अशात शेजारचा एकजण मोबाइल घेऊन आला. पडद्यावर पेटलेलं जहाज. “हेच असनार,” तो म्हणाला. आजी उंबऱ्यातच बसल्या.

आजोबांनी मोबाइल डोळ्यांशी नेला, दूर धरला आणि माझ्या हातात दिला. “तुमी बघा, बाई. मी विचारतो. आग सोडा. डेकवर क्रेन हायेत?”

“नाहीत. सपाट आहे. पाइपच पाइप.”

“नीट बघा.”

“नाहीत, भाऊ.”

“मग हे तेलाचं जहाज. आपल्या पोराच्या जहाजावर क्रेन हायेत.”

“म्हंजी पोर सुखरूप हाय ना?” आजींनी विचारलं.

नातवाचं जहाज त्या फोटोत नव्हतं, एवढंच आम्हांला कळलं होतं. ते कुठे आहे, कसं आहे, हे कुणालाच दिसलं नव्हतं. आजोबांनी चष्मा कपाळावर सरकवला.

“सुखरूप हाय,” ते म्हणाले.

“दिसलं तुमाला?”

“दिसलं गं.”

आजी उठल्या, आत जाऊन तांदूळ धुऊ लागल्या. आजोबा मला सोडायला फाटकापर्यंत आले. “मला काय बी दिसलं नाय, बाई.”

“माहीत आहे मला,” मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी फोन आला. समुद्रात रेंज नव्हती, बाकी पोरगा ठीक होता. “तुमी तर आधीच सांगितलं व्हतं,” आजी म्हणाल्या. आजोबा कैरीची साल काढत राहिले.

या हिवाळ्यात ते गेले.

परवा परदेशातून तुमचा बर्फातला फोटो आला आणि मी सवयीने मोबाइल घेऊन समोर गेले. त्यांच्या खुर्चीत आजी बसल्या होत्या. “सांगा की, बाई. काय दिसतंय?”

“बर्फ. मागे लाल दाराचं घर. दोघं शेजारी शेजारी उभे आहेत.”

“खुशीत हायेत ना पोरं?”

मी फोटो मोठा करून पाहिला. तुम्ही टोप्या भुवयांपर्यंत ओढल्या होत्या आणि मफलर नाकापर्यंत.

“आहेत,” मी म्हणाले. “दिसतंय ना.”